शेवटचं कडवं

२९ नोव्हेंबर १९५५
— आणि त्या सकाळी मी अंगण सारवत होते. चुलीवर अंबील रटरटत होती. हे ओट्यावर बसून नवं गाणं जुळवत होते. मला म्हणाले, "म्हणून पाह्य बरं." मी सगळं म्हटलं, शेवटचं कडवं सोडून. गाणं करणारा शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतो, ही आमच्याकडची रीत. नवऱ्याचं नाव बायकोनं घ्यायचं नाही, हीसुद्धा रीतच. म्हणून ते कडवं मी कधी ऐकायलाही मागितलं नाही. हे हसले. "राहू दे मंग. ते सुगंधा म्हणते."

हे गेले त्याला दोन पावसाळे झाले. ते वाक्य अजून ठसठसतं. हे ज्या मंडळीसाठी गाणी जुळवायचे तिथे सुगंधाबाई गायची, म्हणून मी मंडईच्या जत्रेला यांचं गाणं ऐकायलासुद्धा गेले नाही.

३ डिसेंबर
मंडळीचे मालक गुणवंतराव. त्यांनी यांच्या गाण्यांचं पुस्तक छापलं, स्वतःच्या नावानं. शेवटची कडवी बदलून टाकली. म्हणून चांद्याच्या कोर्टात मी दावा लावला. काल बाजारात भेटले. "बाई, ढोलकी माझी, मंडळी माझी. मंग गाणं कोणाचं?"

७ डिसेंबर
वकील म्हणतात, एका तरी गाण्याचं खरं शेवटचं कडवं कोर्टापुढे म्हणा. पोलीस पाटील साक्षीला येतील. त्यांनी ते मंडईत ऐकलंय; आता आठवत नाही, पण ऐकलं की ओळखीन म्हणतात.

मला ते येत नाही. यांनी कागदावर काही उतरवलं नाही. येतं ते एकीला. किराण्याच्या पुड्यांवरून मी एकटीनं वाचायला शिकले. इथे त्याचा काय उपयोग?

१० डिसेंबर
तिच्या दारी जायचं नाही.

१२ डिसेंबर
गेले. सुगंधाबाई तांदूळ पाखडत होती. केस पांढरे झालेत तिचे. बरं वाटलं — खोटं कशाला लिहू?

"मी कोर्टात येत नाई, बाई. मालक मले काढून टाकल. कडवं घेऊन जा."

आणि तिनं यांचं नाव घेतलं. सहज, पाणी मागावं तसं. इतक्या वर्षांच्या संसारात जे माझ्या तोंडून एकदाही निघालं नाही, ते.

लिहिताना हात अडतो. तरी लिहिते —

वारलूच्या ओठी होतं गाणं मुकं मुकं,
सुगंधेनं सूर दिला, सरलं त्याचं दुःख.

मी विचारलं, "यात तुहं नाव काऊन?"

"मी नाई म्हटलं होतं त्याले. आयकते का तो!"

तो. माझ्यासमोर ती यांना 'तो' म्हणाली.

परत येताना वाटभर तेच. कडवं म्हटलं नाही तर यांची गाणी गुणवंतरावांची होतील. म्हटलं तर भर कोर्टात, माझ्याच तोंडून, ती यांच्या शेजारी जाऊन बसेल.

१३ डिसेंबर
उद्या तारीख. यांच्या मरणाचं दुःख करावं की त्या दोन ओळींचं, तेच कळत नाही.

१५ डिसेंबर
काल कोर्टात मी यांचं नाव घेतलं. मग तिचं.