श्रावणातल्या शेवया

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी डाळ मिलच्या बैठकीत अजून तुमचंच नाव काढून मला गप्प करतात. या वेळी मी गप्प बसले नाही. म्हणून लिहितेय.

तुम्ही चेअरमन होतात. मिल सहकारी, पण शेड आपल्या घराला लागून, मधे फक्त स्वयंपाकघराचं मागचं दार. हजेरीपटावर नऊ माणसं. दहावं नाव लागलं की कारखान्याचा कायदा लागू होतो, मग परवाना आला, जादा तासांचा दुप्पट पगार आला, तपासणी आली. हे सगळं तुम्हाला तोंडपाठ. डाळ निवडायला मात्र वीस-पंचवीस बाया बसायच्या. सिरसाळ्याच्या रस्त्यावर सरकारी जीपचा धुरळा दिसला की तुम्ही हात वर करून दाराकडं दाखवायचात, आणि बाया सुपं टाकून आपल्या स्वयंपाकघरात. आई परात ओढून भिजवलेली कणीक पुढं करायची आणि बघता बघता लग्नघर! साहेब डोकावले तर बाया शेवया वळतायत. एकदा, दुष्काळाच्या वर्षी, जीप ऐन श्रावणात आली. साहेब म्हणाले, "श्रावणात शेवया?" तुम्ही पापणीसुद्धा न हलवता म्हणालात, "पाऊस कुठं हाय सायब? ऊन हाय तवर करून घ्यायच्या." साहेब हसले, चहा पिऊन गेले. मीही हसले होते. लई हुशार वाटलात तेव्हा.

त्याच दुष्काळात गावाबाहेर रोजगार हमीचं काम निघालं, पाझर तलावाचं. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये सुपं होती, बाया नव्हत्या. तुम्ही घर डोक्यावर घेतलंत. "व्यवसाय कर आपुन भरायचा, आन त्याच पैशानं सरकारनं आपल्याच बाया पळवायच्या? ह्याला काय म्हनावं!" तुमचं खोटं नव्हतं, तो कर रोजगार हमीसाठीच घेत होते. मला मागं बसवून तुम्ही फटफटी थेट तलावावर नेलीत. बाया भर उन्हात मातीची घमेली वाहतायत. "सावलीतलं काम सोडून हितं मराया आलाव व्हय?" तुम्ही ओरडलात. त्यांच्यातली थोरली, आईशेजारी बसून सगळ्यात बारीक शेवया वळायची ती, तिनं घमेलं खाली ठेवलं, पदरानं तोंड पुसलं. "मालक, हितं ऊन लई हाय. पर मुकादम रोज सकाळी नाव घेऊन हाक मारतो. तुमच्या हितं सायब आला की आमी पाव्हण्या."

तुम्ही फटफटी माघारी वळवलीत. वाटेत मला झापलंत, कारण तिच्या बोलण्यावर मी मान डोलावलेली तुम्ही पाहिली होती. "तू बस एकदा त्या खुर्चीवर, मग कळंल."

बसले, आबा. आणि कळलंही. पाऊस दगा देतो, तूर करपते, वीज जाते, पण कर भरायची तारीख काही हलत नाही. कायदे करणारानं एक उन्हाळा ही मिल चालवून दाखवावी, असं मी साहेबांच्या तोंडावर बोललेय. पण सरकारवरचा राग बायांवर का काढायचा? कायद्यातला दहाचा आकडा पुढं सरकारनं वाढवला, तरी आपल्या बाया त्याच्याही वरच. मग गेल्या बैठकीत मी सगळ्यांची नावं हजेरीवर लावायचा ठराव मांडला. यंदा पुन्हा दुष्काळ, मालच नाही, त्यात हा खर्च. मिल बसली तर? सगळे अंगावर आले. तुमच्या वेळचे एक संचालक काठी आपटत म्हणाले, "तुझ्या आबानं असं कधी केलं न्हाई."

"न्हाई केलं," मी म्हणाले. "म्हणून तर बाया तलावावर गेल्या. सहकार भाषणात आन बाया चुलीपाशी, हे आता बंद. मिल बसली तर बसंल, पर सगळ्यांची नावं लावून बसंल."

कुरकुरत का होईना, ठराव झाला. नावं लागली. तुम्हाला पटो न पटो.

काल दुपारी रस्त्यावर धुरळा उठला. जीप. बाया निवडत बसल्या होत्या, मी शेडच्या तोंडाशी उभी. त्या थोरलीची सून आता पहिल्या रांगेत बसते. तिनं सूप थांबवून माझ्याकडं पाहिलं. "ताई, काय झालं? शेवया करायच्यात का?"

एकही बाई उठली नाही. उलट सगळ्या हसायला लागल्या. तेव्हा कुठं मी वर पाहिलं, तर माझा हात स्वयंपाकघराच्या दाराकडं.

हे बैठकीत कुणाला सांगणार नाही. तुम्हाला सांगितलं, कारण हा कागद तुमच्यापर्यंत यायचा नाही.