अर्थिंगच्या पिनेवरची टेप

दादा,

तुम्हाला जाऊन सत्तावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मनातल्या मनात तुमच्याशी पुष्कळ बोलले, पण लिहायला कधी बसले नव्हते. आज बसलेय, कारण गेल्या आठवड्यात लोणावळ्याला जे झालं ते मी घरी सांगितलं, दुकानातल्या कामगारांना सांगितलं, शेजारच्या मेडिकलवाल्यालाही सांगितलं, आणि दरवेळी शेवटाकडे आले की माझा आवाज खाली जातो. ऐकणाऱ्यांना वाटतं, घाबरली असेल बिचारी.

लोणावळ्याला साऊंडवाल्यांचं मोठं प्रदर्शन होतं. आपल्या धंद्याचं प्रदर्शन, यावर तुमचा विश्वास बसला नसता. तुम्ही दिवसभर देहूरोडच्या डेपोत वायरमनचं काम करायचात आणि सुट्टीच्या दिवशी सायकलच्या कॅरियरला अॅम्प्लिफायर आणि दोन बाजूंना दोन कर्णे बांधून आपल्या आंबीहून लग्नघरी निघायचात. इथे एका रिसॉर्टचा सबंध हॉल स्टॉलनी भरलेला, एकाखाली एक टांगलेले स्पीकर, बटणं नसलेले मिक्सर, सगळं काचेवर बोट फिरवून चालणारं. मी गळ्यात कार्ड अडकवून फिरत होते. कार्डावर माझं नाव, त्याखाली तळेगावच्या आपल्या दुकानाचं नाव, त्याखाली ‘मालक’. तरी दोन स्टॉलवर मला विचारलं, “मॅडम, सर कुठे आहेत?” मी म्हटलं, सर बँकेत नोकरीला आहेत, स्पीकरचं मला विचारा.

पण मी नुसती बघायला गेले नव्हते. एक मोठी कंपनी मावळासाठी अधिकृत सर्व्हिस सेंटर नेमणार होती, आणि शेवटच्या दोन नावांत माझं नाव होतं. ते मिळालं तर लोणावळ्यापासून देहूरोडपर्यंतची त्यांची सगळी दुरुस्ती आपल्याकडे येणार होती. कंपनीचे साहेब सकाळी स्वतः भेटले, हसून बोलले. “आमचा डेमो दोन वाजता आहे, मागच्या लॉनवर. तो होऊन जाऊ दे, मग आपण बसू. मी जवळजवळ ठरवलंच आहे.” ते ‘जवळजवळ’ मी दिवसभर मनात घोळवत होते.

इथे मला तुमची एक गोष्ट सांगावी लागेल, म्हणजे तुम्हालाच तुमची. मी बारा वर्षांची होते. वस्तीत जयंतीचा कार्यक्रम, विहारापुढे मांडव, पुण्याहून आलेले पाहुणे खुर्चीवर बसलेले. कर्ण्यातून सारखा हुम येतोय, घूं घूं घूं, आणि लोक मागे वळून तुमच्याकडे बघतायत. तुम्ही खांबावर चढलेले. मला वाटलं, मी शहाणी. आदल्याच लग्नात एका पोराला करताना पाहिलं होतं, तसं मी अर्थिंगची वायर उपसून काढली. हुम गेला. लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. तुम्ही खाली उतरलात, बोर्डाकडे पाहिलंत आणि मेन स्विच बंद केलात. पाहुणे नुकतेच माईकसमोर उभे राहिले होते.

“कुनी काडली वायर?”

मी हात वर केला. तुम्ही मारलं नाहीत. मारलं असतं तर बरं झालं असतं. सगळ्या वस्तीदेखत म्हणालात, “हुम ऐकून कुनी मेलेलं मी बगितलं न्हाई. करंट लागून मेलेला बगितलाय. माझ्याच हाताखालचा हुता.”

मग तुम्ही खाली बसून सगळं पुन्हा उकलायला घेतलंत. अर्धा तास. मंडळाचे लोक येऊन बोलून गेले, “आवो, पावणे ताटकळल्यात, चालू करा की.” तुमचं एकच, “थांबा म्हंजी थांबा.” कुणीतरी मागून म्हणालं, पुढच्या वर्षी दुसरा साऊंड सांगू. आणि खरंच, पुढच्या वर्षी त्यांनी दुसरा सांगितला. आपल्याच वस्तीत, आपल्याच जयंतीला, तुम्ही मांडवात खाली बसून दुसऱ्याच्या कर्ण्यातून भाषण ऐकलंत. मला त्याची इतकी लाज वाटली की मी घरी निघून आले. तुम्ही मात्र शेवटपर्यंत बसला होतात. त्याच महिन्यात तुम्ही माझ्यासाठी जाड रबरी तळव्याचे बूट आणलेत, दोन नंबर मोठे. आई म्हणाली, पोरीला बांगड्या आणायच्या सोडून हे काय. तुम्ही म्हणालात, “बांगड्या मागनं. आदी पायात रबर.”

तर लोणावळा. सकाळी पाऊस होऊन गेलेला, लॉनवर चाललं की चपलेखाली पाणी चुबुकचुबुक करायचं. दोनला धुकं उतरलं तरी शे-दीडशे माणसं खुर्च्यांवर बसली. छोटं लाकडी स्टेज, त्यावर जाड चटई. मी तिसऱ्या रांगेत, डाव्या कडेला. कंपनीने डेमोसाठी एक मुलगी बोलावली होती, तळेगावचीच, वीस-एकवीस वर्षांची, इलेक्ट्रिक गिटार वाजवून गाणारी. साहेब माईकवर नव्या अॅम्प्लिफायरचं कौतुक करत होते, आवाज किती स्वच्छ, हुम औषधालासुद्धा नाही. स्टेजच्या डाव्या कडेला वायरींचा बोर्ड होता. गिटारच्या अॅम्प्लिफायरचा प्लग त्यात अर्धाच गेलेला, आणि वरच्या जाड, अर्थिंगच्या पिनेला काळी टेप गुंडाळलेली.

साहेब बाजूला होतात. मुलगी स्टेजवर येते. तिने चपला काढून ठेवल्यात, स्टेजच्या पाया पडते, गिटार गळ्यात अडकवते. कुणीतरी अॅम्प्लिफायर चालू करतं. तिचा डावा हात तारांवर आहे. ती लोकांकडे बघून हसते आणि माईक उंचीला जमवायला उजवा हात पुढे करते.

“माईकला हात लावू नकोस!”

तो माझा आवाज होता, दादा, पण मला तो तुमच्यासारखा ऐकू आला. ती दचकून जागीच थांबली. मी खुर्ची पाडून पळाले, ओल्या गवतावर गुडघ्यावर पडले, उठले आणि बोर्डाच्या मागचा मेन खाली ओढला. साहेब चालत माझ्याकडे आले, चेहरा लाल.

“मॅडम, हा काय प्रकार आहे? एवढ्या लोकांसमोर?”

“साहेब, अर्थिंग काढलंय. हिच्या गिटारमध्ये करंट असणार. लाकडावर उभी आहे म्हणून वाचलीय, माईकला हात लागला की संपलं.”

“असणार म्हणजे? आमचे इंजिनियर सकाळपासून इथे आहेत.”

इंजिनियर पुढे आला. तिशीतला, टापटीप, कंपनीचा टी-शर्ट. “ताई, सगळं चेक केलंय. तुमचा गैरसमज झालाय.”

मागे लोक कुजबुजायला लागले. मला स्पष्ट ऐकू आलं, ही दुसऱ्या कंपनीची असेल. मुलगी रडवेली झाली होती, तिचा पहिला मोठा कार्यक्रम. एक क्षण वाटलं, माफी मागावी, बसावं. तेव्हा मी त्या इंजिनियरला म्हणाले, “ठीक आहे. मग तू चढ स्टेजवर. चपला काढ. एका हातात गिटार धर, दुसऱ्यात माईक. मी मेन चालू करते.”

तो हलला नाही. साहेब त्याच्याकडे बघत राहिले. “जा की,” ते म्हणाले. तो तरीही हलला नाही, फक्त त्याने हात मागे घेतले.

मी मुलीला खाली उतरवलं, गिटार लाकडी खुर्चीवर ठेवायला लावली, सगळ्यांना दूर केलं आणि मेन चालू केला. पर्समधला टेस्टर काढून गिटारच्या तारेला टेकवला. धुक्यातसुद्धा त्यातला दिवा लांबूनही दिसावा इतका लाल पेटला. मुलीने तो पाहिला आणि मग आपल्या दोन्ही तळव्यांकडे बघितलं.

नंतर अॅम्प्लिफायर उघडला. आतली एक वायर पत्र्याच्या कडेला घासून उघडी पडली होती. म्हणूनच तो सकाळी लावला की बोर्डातलं करंट तोडणारं बटण सारखं खाली पडत होतं. इंजिनियरने कारण शोधलं नाही, पिनेला टेप मारली. अर्थिंगची वाट बंद झाली, बटण पडायचं थांबलं, आणि सगळा करंट त्या पोरीच्या हाताची वाट बघत तारांमध्ये येऊन बसला. “डेमो बंद पडता कामा नये असं सांगितलं होतं,” तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

संध्याकाळी साहेबांनी मला बोलावलं, उभं राहून हात जोडले आणि म्हणाले, सर्व्हिस सेंटर तुमचंच, आम्हाला अशीच नजर हवी. कुणीतरी माझा व्हिडिओ काढला होता, तो साऊंडवाल्यांच्या ग्रुपवर फिरतोय. तळेगावात लोक दुकानात येऊन विचारतात, त्या ताई तुम्हीच का. आणि परवा त्या मुलीचा फोन आला. तिची आईही बोलली, नुसती रडत होती. मग मुलीने विचारलं, “ताई, एवढ्या दोन सेकंदांत तुमच्या लक्षात आलं कसं?”

“माझ्या वडिलांनी शिकवलंय,” मी म्हणाले.

दादा, दोन सेकंद नव्हते. टेप मी सकाळी साडेअकराला पाहिली होती. हातात चहाचा कप घेऊन मी लॉनवर गेले होते, साहेब कुठे दिसतात का ते बघायला. माझ्यासमोर त्या इंजिनियरने दाताने टेप तोडली आणि पिनेला गुंडाळली. मी थांबले. तोंड उघडलं. तेवढ्यात मागून साहेब आले, म्हणाले, “कसा वाटतोय आमचा सेटअप?” आणि मी म्हणाले, “एक नंबर.” अडीच तास मी हॉलमध्ये फिरले. स्वतःला सांगत राहिले की डेमोआधी कुणीतरी बघेल, तो स्वतःच काढेल, मी कशाला आत्ता. जेवलेसुद्धा. डाव्या कडेची खुर्ची मी उगाच धरली नव्हती. तिथून प्लग दिसत होता, आणि मी तो काढला जायची वाट बघत होते, तिने हात पुढे करेपर्यंत.

जयंतीच्या त्या अर्ध्या तासात तुम्हाला काय काय ऐकून घ्यावं लागलं ते मी पाहिलं होतं. पुढच्या वर्षी काय झालं तेही. म्हणूनच की काय, मी गप्प बसले. हे कारण म्हणून सांगत नाही.

कंपनीचा करार आलाय, समोर टेबलावर आहे, सोमवारी सही करून द्यायचाय. मुलगी रविवारी आईला घेऊन दुकानात येणार आहे, पेढे घेऊन. तिला खरं सांगेन असं मी आत्ता इथेच लिहिलं होतं. मग ते वाक्य खोडलं. ते लिहून, तुम्हाला वाचायला देऊन, पुन्हा तिच्यासमोर गप्प बसले तर काय करायचं, म्हणून खोडलं.