मैदान आणि दोन गोलरेषा

मी, ऑर्विल हाल्वर ट्वेट, वय अठ्ठ्याहत्तर, ऑस्टविक कॉलेजच्या फुटबॉल संघाचा निवृत्त कोच, राहणार ऑस्टविक, नेब्रास्का, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. डॉक्टरांच्या मते माझे गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. माझ्यावर कोणी दडपण आणले असेल असा संशय कोर्टाने घेऊ नये. दडपण आणणे हे जन्मभर माझे काम होते.

कलम एक. राहते घर मुलगा डेल याला. तळघरातले कपडे धुण्याचे यंत्र बंद पडले आहे, तरी त्याने ते विकू नये. माझी दिवंगत पत्नी डॉरोथी हिने सगळ्या संघाचे चिखलाने भरलेले कपडे त्यात धुतले. "ऑर्विल, मी लग्न तुझ्याशी केलं की तुझ्या पोरांच्या मोज्यांशी?" असे ती दर शनिवारी विचारायची आणि सोमवारी घड्या तयार ठेवायची. आमच्या प्रत्येक विजयात तिचा निम्मा वाटा आहे, अशी मी येथे नोंद करतो.

डेल स्वतः कधी खेळला नाही. तो कॉलेजच्या बँडमध्ये ट्यूबा हे अंगापेक्षा मोठे पितळी वाद्य वाजवायचा. मध्यंतरात मी खोलीत पोरांवर ओरडत असे, पण दार उघडे ठेवत असे, कारण बाहेर तो वाजवत असे. डेल, तुझा मला फार अभिमान आहे. हे वकिलासमोर लिहिले आहे, तेव्हा आता तुला वाद घालता येणार नाही.

कलम दोन. गवत कापायचे यंत्र, रेषा आखायची फक्कीची गाडी आणि माझी शिट्टी सध्याच्या कोचला. आमच्याकडे कोच म्हणजे माळीही आणि बसचा ड्रायव्हरही. एका मोठ्या विद्यापीठाने मला बोलावले होते. जाऊन पाहिले, तर तिथे गवत कापायला वेगळा माणूस! मग मी करणार काय? परत आलो. दैव देते आणि कर्म नेते, असे गाव म्हणाले. म्हणू दे. पहाटे गाईंचे दूध काढून सरावाला येणारी आणि एक पैसाही न घेता खेळणारी पोरे मला तिथे कुठून मिळणार होती? त्यांतला एक आज गुरांचा डॉक्टर आहे, एक न्यायाधीश आहे आणि एकाकडे मी केस कापून घेतो. मी दिसलो की तिघेही अजून ताठ उभे राहतात.

कलम तीन. नदीपलीकडच्या सेंट विल्फ्रेड कॉलेजचे निवृत्त कोच लिओ हावलिचेक यांना काहीही नाही. एका सामन्यात त्यांनी आपला एक गडी राखीव पोरांच्या घोळक्याजवळ लपवला आणि चेंडू हाताने त्याच्याकडे फेकवला; तो घेऊन गडी गोलरेषेपार पळाला आणि त्यांनी सामना नेला. ते आत्ता माझ्याच स्वयंपाकघरात माझीच कॉफी पीत म्हणतात, "नियमात बसत होतं." नियमात बसत असेल, लाजेत बसत नव्हते. मात्र ज्याला काही मिळत नाही तोच साक्षीदार होऊ शकतो, असे वकीलबाईंनी सांगितल्याने ते एकदाचे माझ्या उपयोगी पडत आहेत.

कलम चार, आणि हेच मुख्य. कॉलेजचे मैदान डॉरोथीच्या वडिलांच्या शेतात आहे. ती जमीन तिच्यामागे माझ्या नावावर आली. गेल्या महिन्यात कॉलेजचे नवे अध्यक्ष पायफर घरी आले.

"कोच, फुटबॉल आता परवडत नाही. विद्यार्थीही घटलेत. जमीन आम्हाला देऊन टाका. तिथं गाड्या उभ्या करायची सोय करू आणि तुमचं नाव देऊ."

"विद्यार्थी घटलेत, तर गाड्या कोणाच्या उभ्या करणार?" मी विचारले.

त्यांनी केक संपवला आणि विचार करतो म्हणून गेले. त्यांच्या विचाराला मदत म्हणून लिहितो: दर शरद ऋतूत ऑस्टविकचा संघ तिथे खेळेल तोवर ही जमीन ऑस्टविकची. ज्या वर्षी संघ उतरणार नाही, त्या वर्षी ती सेंट विल्फ्रेडला जाईल, मधोमध त्यांचा झेंडा रोवण्याच्या हक्कासह. आमचे गाव गारपीट सोसेल, पण तो झेंडा सोसणार नाही.

"कोच, ही देणगी आहे की धमकी?" वकीलबाईंनी विचारले.

दोन्ही, बाई.

कलम पाच. माझी राख फक्कीत मिसळून घरच्या पहिल्या सामन्याला आमची गोलरेषा आखावी. हे वाचून लिओ ओरडले, "अरे येड्या, बाजू बदलतात! अर्धा सामना तू माझी रेषा राखणार!" म्हाताऱ्याचे बरोबर आहे. तर मग दोन्ही टोकांना आखा. गुण मिळवायला आमच्या पोरांना चेंडू घेऊन माझ्यावरून जावे लागेल, तेव्हा त्यांनी न कचरता जावे. मी तेच शिकवले आहे.

ठिकाण: ऑस्टविक. दिनांक: १४ सप्टेंबर १९९१.
सही: ऑर्विल हाल्वर ट्वेट

साक्षीदार एक: एडना क्लाउसेन, शेजारीण.

साक्षीदार दोन: लिओ हावलिचेक. वरील मजकुरावर ऑर्विलने माझ्यासमोर सही केली. वकीलबाई नको म्हणत असताना एवढे माझे लिहितो: ही जमीन आमच्या कॉलेजला कधीही मिळू नये. मग आम्ही खेळायचे कुणाशी?