मॅडम दांड्यावर आहेत

अनाबार, नाउरू
रविवार, १४ सप्टेंबर, चर्चहून आल्यावर

प्रिय रेनॉस,

थोरल्या भावाचा आशीर्वाद. आम्ही सगळे बरे आहोत, तुझ्या पायाची जखमही आता भरत आली असेल. तुझी एइमारा वहिनी विचारते, ब्रिस्बेनचा भात पचतो का. पचत नसेल तरी तिला तसं कळवू नकोस, नाहीतर डबा घेऊन विमानात बसेल.

इकडची खबर म्हणजे तीन आठवडे बेटावर कांदा नव्हता. लोक दुकानात येऊन मलाच बोलतात, जणू मालाचं जहाज मी चालवतो. दुसरी खबर चांगली आहे. वरच्या माळावर, खाणवाल्यांनी माती नेऊन नुसते दगडी सुळके ठेवलेत तिथे, उंडीची दोन झाडं आपोआप उगवून माणसाच्या वर गेलीत. त्यांवर नॉडी पक्ष्यांनी घरटी केली. निम्मं बेट बघायला जाऊन आलं. एवढीशी जमीन, त्यावर आपण एकमेकांच्या खिडकीत डोकावत राहणारी माणसं, आणि पक्ष्यांच्या वाट्याला दोन झाडं. तरी ते आले. मी पण गेलो होतो. मी जवळ गेलो तसे उडाले. एइमारा म्हणाली, "तुझा चेहराच तसा आहे, भाव विचारल्यासारखा."

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू माझा आवाज ओळखतोस, म्हणून लिहितोय. शेजारची जेसमिना मंगळवारी तिकडे येते, तिच्या हाती देतो. पाकीट चिकटवलंय. तरी ती वाचेल. वाचू दे.

पाच रविवार तू विचारलंस, "मॅडम कशा आहेत?" आणि पाच रविवार मी म्हणालो, "मॅडम दांड्यावर आहेत." गेल्या रविवारी तू म्हणालास, "दादा, पोरगी म्हणते इथेच राहा. मॅडम असतील तर मी येतो. त्याही गेल्या असतील तर मला तिकडे काय आहे?"

काय आहे! फोनच्या या टोकाला मी होतो रे. सव्वाशे किलोचा माणूस.

तर ऐक. त्यातले तीन रविवार मॅडम दांड्यावर नव्हत्या.

तू गेलास त्या संध्याकाळपासून सांगतो. मी स्वतः दांड्यापाशी गेलो. दुकानातला सगळ्यात ताजा ट्यूना नेला, माणसांना विकतो त्याहून चांगला. मॅडम समुद्रावरून आल्या, दुभंगलेली शेपटी मिटून दांड्यावर बसल्या आणि माझ्या खांद्यावरून मागे बघायला लागल्या. मासा चोचीत धरला, खाली टाकला. तू करतोस तसं तोंडात पाणी धरून तोंड पुढे केलं. त्यांनी मान फिरवली. शाळेत हेडबाई माझी वही बघून फिरवायच्या तशीच. नाव तू अगदी योग्य ठेवलंस.

दहा दिवस हे चाललं. किनाऱ्यावर बघणारे काय कमी असतात? "फेलिक्स, पक्ष्याला सवलत देऊन बघ!" "फेलिक्स, त्यांना मॅनेजरशी बोलायचंय!" मी पण हसलो. मी हसतोच, त्यावर तर दुकान उभं राहिलं. अकराव्या दिवशी बघतो तर मॅडम एइमाराच्या हातून मासा खातायत. तुझा जुना शर्ट घालून बसली होती ती, वारा लागू नये म्हणून. त्या शर्टाला तुझा वास होता.

ते बघून मला जे वाटलं त्याला काय म्हणतात ते तुला ठाऊक नाही. तुझ्यावर तशी वेळच आली नाही. लहानपणी बाबा आपल्या दोघांच्या हाती उडत्या पक्ष्यावर फेकायची, गोळी बांधलेली दोरी द्यायचे आणि रानटी पक्षी बरोबर तुझ्या डोक्यावरून खाली उतरायचे. माझी दोरी एकदा काकूच्या केसांत अडकली, तेवढीच माझी शिकार.

दुसऱ्या दिवशी मी तुझा दांडा कापला. बाबांनी रोवलेला, उंडीचा. करवतीनं बुडापासून कापला, गाडीत घातला आणि माझ्या दुकानासमोर किनाऱ्यावर रोवला. म्हटलं, आता कुठे बसतील? माझ्याचकडे येतील.

नाही आल्या. तीन संध्याकाळी जुन्या जागेवर घिरट्या घातल्या, जिथे काहीच नव्हतं तिथे. चौथ्या दिवशी आल्याच नाहीत. आपला फ्रिगेट पक्षी ना पाण्यावर बसू शकतो ना वाळूवर, टेकायला दांडा लागतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. लोकांना मी सांगितलं, वाळवी लागली होती म्हणून कापला. वाळवी मलाच लागली होती.

तीन आठवड्यांनी, म्हणजे परवाच्या गुरुवारी, गिऱ्हाइकांच्या बोलण्यात कानावर आलं की शेजारच्या इजुव वस्तीतल्या म्हाताऱ्या डबोएनं एक मादी पकडली, पंखाला आपली निळी फीत. मी दुकान उघडं टाकून निघालो.

डबोए खुर्चीत बसलेला. "ये फेलिक्स. वाट चुकलास? इथे कांदे मिळत नाहीत."

"आमचा पक्षी आलाय तुमच्याकडे."

"तुझा? तुला घरची कोंबडी तरी ओळखते का?" सगळी इजुव हसली. मग म्हातारा गंभीर झाला. "रीत तुला ठाऊक आहे. धन्यानं हाक मारायची. उतरला तर त्याचा, नाहीतर पकडणाऱ्याचा. मार हाक."

मॅडम त्यांच्या दांड्याच्या टोकाला, पाय मोकळे. मी हाक मारली. मासा दाखवला. मॅडमनी माझ्या खांद्यावरून मागे बघितलं.

रेनॉस, देवानं मला पक्षी दिले नाहीत, पण कान दिले. इंजिन ऐकून मी सांगतो कुणाची गाडी आली. आणि तुझी शिट्टी मी चाळीस वर्षं ऐकतोय. दोन लांब, आणि तिसरी मध्येच फाटते, कारण होडीवर आपटून तुझा पुढचा दात अर्धा झाला तेव्हापासून तिथून हवा सुटते. मी सगळ्यांकडे पाठ केली आणि ती शिट्टी वाजवली, फाटण्यासकट.

आल्या. सरळ माझ्या हातावर. मी तोंडात पाणी घेतलं आणि त्या प्यायल्या. मग मान मागे घेऊन माझं तोंड बघत राहिल्या, हे कोण म्हणून.

इजुववाल्यांनी टाळ्या वाजवल्या. डबोए म्हणाला, "घेतो शब्द मागे." मी जिंकलो होतो, आणि जन्मात तुझा एवढा हेवा वाटला नव्हता. त्या पाणी तुझ्याच तोंडून प्यायल्या होत्या.

आता उरलेलं. हे मी लिहिणार नव्हतो.

ही शिट्टी पहिली नाही. अकरा वर्षांपूर्वी तू मेलबर्नला होतास आणि बाबा गेले. मी तुला सांगितलं, झोपेत गेले, काही बोलले नाहीत. खोटं. त्यांना दिसत नव्हतं. दुपारी मला म्हणाले, "रेनॉस, आलास?" मी तुझ्या आवाजात म्हणालो, "आलो, बाबा." वाटलं, तुला मिळतं ते एकदा मला मिळू दे.

त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "थोरल्याकडे लक्ष ठेव हं. त्याच्याकडे पक्षी येत नाहीत, म्हणून तो माणसं जमवत बसतो. आतून एकटा आहे तो."

अकरा वर्षं हे मी दाबून ठेवलं. निरोप तुझा होता. आज पोचवला.

दांडा गुरुवारीच पुन्हा तुझ्या जागी रोवला, खड्डा माझ्या हातानं खणून. करवतीनं कापल्यामुळे वीतभर बुटका झालाय, आल्याबरोबर तुझ्या लक्षात येईल. मॅडम तेव्हापासून संध्याकाळी शिट्टीवर येतात, माझं तोंड बघतात आणि नाइलाजानं पितात. ही मंडळी फार दिवस फसत नाहीत, हे तू मला सांगू नकोस.

पक्ष्यासाठी यायचं असेल तर पक्ष्यासाठी ये, मी जळेन, पण विमानतळावर गाडी घेऊन उभा असेन. आणि पोरीकडेच राहायचं ठरवलंस, तर बाबांनी तुला सांगितलेलं काम तुझ्याकडून राहिलं, एवढं मात्र मी म्हणणार.

ज्याच्याकडे लक्ष ठेवायला सांगितलं होतं तो,
फेलिक्स