एक पाय दारात

ता. ४

चि. धाकट्यास ताईचा आशीर्वाद.

नाही, हेअरपिनने उघडत नाही. हे तू विचारलेलं नाहीस, पण पुढच्या पत्रात विचारशीलच, म्हणून आधीच सांगून टाकते. सगळे तेच विचारतात. मी जन्मभर कुलपांचं दुकान चालवलं, माझे केस पिकले, पण पिनेने केसांशिवाय दुसरं काही धरल्याचं मी पाहिलं नाही.

तुझे प्रश्न वाचले. नवशिक्याने सुरुवात कुठून करावी, भारीतल्या चोरप्रूफ कुलपात आत काय असतं, किल्लीशिवाय ते उघडायला शिकायचं तर किती दिवस लागतात. आणि शेवटी म्हणतोस की हे सगळं एका मित्रासाठी. धाकट्या, तुला मित्र कुठून आला? रिटायर झाल्यापासून तू दाराशिवाय कोणाशी बोलत नाहीस. हे तेच कुलूप ना, जे बहिणीचं दुकान सोडून मोठ्या शोरूममधून घेतलंस? ज्याची किल्ली कुलपाबरोबर मिळालेलं कार्ड दाखवल्याशिवाय कोणी बनवून देत नाही?

आडवळणं बंद कर. काय झालंय ते सरळ लिही.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवायला मला वेळ नाही.

ताई


ता. ८

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुला कसं कळतं देव जाणे. फोनवर बोललो तर ही ऐकेल म्हणून लिहितोय. पत्र पेटीत टाकायलाही हिलाच देणार आहे, म्हणून पाकीट दोनदा चिकटवलंय.

ताई, किल्ली हरवली. हिच्याकडे एक होती, पण ही वेंधळी, हरवून बसेल म्हणून मीच ती काढून घेऊन माझ्या जुडग्यात अडकवली होती. कार्डही सुरक्षित राहावं म्हणून त्याच जुडग्याला बांधलं होतं. जुडगाच गेला.

दार ओढलं की आपोआप लागतं. आतून खटका फिरवला की उघडतं, बाहेरून मात्र किल्लीच लागते. म्हणजे घरात कायम एक माणूस हवा. तो माणूस मी. कचरा ठेवायला जिन्यात गेलो तरी एक पाय दारात ठेवून वाकतो. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांनी परवा विचारलं की हा कुठला व्यायाम, त्यांच्या कंबरेला चालेल का.

हिला मी गुडघे दुखतात असं सांगितलंय. कारण जावई. कुलूप बसवलं तेव्हा तो सगळ्यांदेखत हसला, की ह्या घरात चोराला मिळणार काय, जुनी कॅलेंडरं? मी चिडून तुमच्या दारात पाऊल ठेवणार नाही असं बोलून बसलो. आता लेकीला मुलगी झालीय, आणि महिनाअखेरीला आम्ही दोघांनी बघायला जायचं ठरलंय. जीव नुसता तिकडे ओढतोय. पण दोघं बाहेर पडलो तर परत घरात शिरणार कसं? किल्लीवाला बोलावला तर हिला कळणार, हिच्याकडून लेकीला, लेकीकडून जावयाला. मग तो जन्मभर हसणार.

म्हणून मीच शिकून उघडावं म्हणतो. हत्यारं पाठव. हिला सांगू नकोस, तुला माझी शपथ आहे.

आशीर्वाद असू दे. सध्या तेवढाच आधार आहे.

तुझा धाकटा


ता. ११

ती. वन्संना सा. न. वि. वि.

ह्यांचं काही खरं दिसत नाही. मी घंटी वाजवायच्या आत दार उघडतात. दुपारी मी पडले की टॉर्च घेऊन कुलपाच्या भोकात बघत बसतात. काल हातात काटा-चमच्यातला काटा होता. विचारलं तर म्हणाले तेल घालतोय. काट्याने!

गुडघे दुखतात म्हणून नातीला बघायला येणार नाहीत म्हणे, आणि दारापुढे बेडकासारखे उकिडवे बसतात ते बरं चालतं. लेक फोनवर विचारत होती की बाबांचा जावयांवरचा राग अजून गेला नाही का. मी गुडघ्यांचं सांगितलं तर रडायलाच लागली. म्हणाली, बाबा एका हसण्यासाठी माझ्या मुलीचं तोंड बघणार नाहीत.

तुमचंच काय ते ऐकतात. चार खडे शब्द लिहा. पत्र त्यांच्याच हाती पडतं, तेव्हा मला लिहाल ते जपून लिहा.

माझ्यावर माया आहेच, ती राहू द्या.

आपली भावजय


ता. १५

चि. धाकट्यास आशीर्वाद.

हत्यारं मिळणार नाहीत. ते कुलूप मलाही उघडत नाही, तू काट्याने काय उघडणार? हो, काट्याचं मला कळलंय. कसं ते विचारू नकोस.

आता डोकं ठिकाणावर असेल तर ऐक. तू दाराच्या कुठल्या बाजूला बसलायस? आतल्या. कुलूप कुठल्या बाजूला स्क्रूने बसवलंय? आतल्या. अरे शहाण्या, उघडायला चोरासारखा शिकतोस कशाला, तू घरमालक आहेस! स्क्रूड्रायव्हर घे, तो कुलपाचा धोंडा उतरव, साधं कुलूप लाव आणि जा. बायको विचारेल? विचारू दे. जावई हसेल? हसू दे, दात दिसतील, आणखी काय होईल? तिकडे पोरगी समजतेय की बाप रुसलाय. ती समजूत एकदा घट्ट बसली की तिला माझ्या दुकानात किल्ली नाही.

शपथ घातलीस म्हणून तुझ्या बायकोला फक्त ‘गुडघ्यांना तेल चोळ’ असं कळवलंय. असली खोटी पत्रं पुन्हा माझ्याकडून लिहवून घेऊ नकोस.

ताई


ता. ३०

ती. वन्संना सा. न. वि. वि.

तेल चोळलं. उपयोग झाला म्हणायचा!

निघायच्या दिवशी हे सकाळपासून स्क्रूड्रायव्हर पाठीमागे लपवून घरभर फिरत होते. शेवटी मला म्हणाले तू जा. मी खाली येऊन गाडीत बसले, गाडी सुरू झाली, तेवढ्यात हे जिन्यावरून धावत आले. अनवाणी! आत बसले आणि ड्रायव्हरला म्हणाले चल, थांबलास तर मी परत जाईन. वाटेत मी विचारलं दार ओढलंत ना, तर म्हणाले सताड उघडं आहे. मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

लेकीकडे पोचलो. जावयांनी सहज विचारलं, घर नीट बंद केलंत ना? ह्यांनी तेच उत्तर दिलं, सताड उघडं. जावई हसले, तेवढ्यात त्यांचं लक्ष ह्यांच्या अनवाणी पायांकडे गेलं. ह्यांनी नातीला मांडीवर घेतलं ते संध्याकाळपर्यंत खाली ठेवलं नाही. लेक डोळे पुसत म्हणत होती, बाबा, जेवून तरी घ्या. निघताना जावयांनी स्वतःच्या चपला आणून ह्यांच्या पायांपुढे ठेवल्या.

घरी आलो तर वरचे मास्तर आमच्या खुर्चीत पेपर वाचत बसले होते. दार उघडं दिसलं म्हणून दिवसभर राखण केली म्हणाले. आल्या आल्या ह्यांनी ते कुलूप काढून टाकलं. आता साधं लावलंय, आणि त्याची एक किल्ली आपणहून माझ्या हातात दिली.

वन्सं, एवढं भारी कुलूप लावणारा माणूस घर उघडं टाकून का धावला? विचारलं की नुसते लाजतात. तुम्हाला नक्की ठाऊक आहे. सांगा ना.

आपली भावजय


ता. ४

चि. सौ. भावजयीस आशीर्वाद.

मला काही ठाऊक नाही, आणि असतं तरी सांगितलं नसतं. नवरा तुझा, तूच विचार. एखाद्या दिवशी सांगेल. तेव्हा त्याच्या तोंडावर हसू नकोस, स्वयंपाकघरात जाऊन हस.

नातीचा फोटो पाठव. बापाच्या मांडीवरचा नको, आजोबाच्या मांडीवरचा.

बाकी ह्या विषयावर माझ्याकडून एक अक्षरही मिळणार नाही. नाही म्हणजे नाही.

ताई