एक जादा पीळ

डोंबिवली, रविवार संध्याकाळ

बाळकुमच्या प्रधानकाकांची कार्बनची सायकल काल घेऊन आलो. गुडघ्यांमुळे विकली त्यांनी. देताना सीटवरून हात फिरवत म्हणाले, "हे लोखंड नाही रे. बोल्ट बेताने आवळ."

आज सीट माझ्या उंचीला खाली घेतली, बोल्ट आवळला. पुरे होतं खरं तर. पण आमच्या घरात नळ असो की बरणीचं झाकण, शेवटी एक जादा पीळ द्यायचाच. दिला. कट् झालं आणि सीटखालच्या दांड्याला तडा गेला. कशाला दिला तो पीळ?

मघाशी काकांचा मेसेज आला. "सीट नीट बसली ना? गुडघे बरे झाले की एक चक्कर मारू देशील?"

मी लिहिलं, "कधीही या काका, तुमचीच आहे."

'तुमचीच आहे' कशाला जोडलं? 'कधीही या' पुरे होतं.