पट्टी काढायची तारीख

दुइतामा, १४ ऑगस्ट

प्रिय मार्लेनताई,

बोगोतात तू बरी असशील. इथे थंडी मरणाची आहे. आईचे गुडघे कुरकुरतात, पण बटाटा छान निघाला.

खांद्याचं विचारलंस. सायकलच्या शर्यतीत उतारावर पडले आणि कॉलरबोन मोडलं, एवढं तुला ठाऊक आहे. डॉक्टर बायेस्तेरोस म्हणाले होते, "हात झोळीत ठेवला तरी जुळेल, फक्त वेळ लागेल. हाडावर धातूची पट्टी बसवली तर पोरगी लवकर सायकलवर." मी तोंड उघडायच्या आत पापा म्हणाले, "पट्टीच बसवा!"

बसवली. कातडीखाली स्क्रू बोटाला लागतात. तरी दुखणं जात नाही, म्हणून पट्टी काढायचं ठरलं. पुढच्या सोमवारी पुन्हा भूल, पुन्हा चिरा. पापा सगळ्यांना सांगत सुटलेत, "काढली की माझी येनी वाऱ्यासारखी पळेल."

ताई, दुखत नाहीये. हाड कधीच जुळलंय. मीच दुखतं म्हणते. त्या दिवशी रस्त्यावर पडल्या पडल्या पहिला विचार आला, सुटले बाई! आता सकाळी सरावाला उठायला नको, उतार नको, पापांची शिट्टी नको.

पण खोट्यासाठी अंग कापून घ्यायचा धीर होईना. आज न्याहारीला सांगून टाकलं, दुखत नाही, मला सायकलच नको. आईच्या हातातला डाव तसाच राहिला.

पापा म्हणाले, "हाड मोडायच्या आधी का नाही बोललीस?"

"बोलले होते. तुम्ही म्हणालात, घाट चढलीस की बरं वाटेल."

ते म्हणाले, "हात वर कर."

मी केला. पार कानाला टेकवला. त्यांचं हाड तरुणपणी मोडलं तेव्हा कोणी कापलं नाही, वाकडंच जुळलं. त्यांचा हात खांद्याच्या वर जात नाही, तुला माहीत आहे. ते माझ्या हाताकडे बघत राहिले. "सरळ जातो गं," म्हणाले, आणि उठून मागच्या अंगणात गेले.

डॉक्टरांना फोन त्यांनीच केला, तारीख रद्द केली. माझ्याशी मात्र अजून बोललेले नाहीत. जेवलेही नाहीत.

तू घर सोडलंस तेव्हाही ते असेच अंगणात बसले होते, हे तुला कोणी सांगितलं नसेल. मला फोन नको करूस, ताई. त्यांना कर.

तुझी,
येनी